पाहणाऱ्याचा वाटा

आजारी मैत्रिणीला भेटायला गेले होते, तेव्हा तिच्याजवळ आधीच एक गृहस्थ बसलेले होते. ते तिला धीर देत होते. आवाज मऊ होता आणि हेतूविषयी शंका घ्यावी असे त्या बोलण्यात काही नव्हते. "आता विज्ञानानंही हे मान्य केलंय," ते म्हणाले, "पाहणारा जसं पाहतो तसं वास्तव घडतं. क्वांटम फिजिक्सनं ते सिद्ध केलंय. तुम्ही रोज डोळे मिटून स्वतःला ठणठणीत पाहा, शरीराला तसं व्हावंच लागेल." मैत्रिणीने मान डोलावली. ते गेल्यानंतर बराच वेळ ती चादरीच्या काठाशी बोटांनी चाळा करत राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे इतके दिवस मी नीट पाहत नव्हते, असं म्हणायचं का?" तिच्या स्वरात उपहास नव्हता, रागही नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. असे काहीही सिद्ध झालेले नाही, एवढेच मी तिला सांगितले आणि तिनेही विषय तिथेच सोडला.

मला मात्र तो सोडता आला नाही. ते वाक्य निव्वळ भाकड असते तर त्याचा इतका त्रास झाला नसता. त्याच्या मुळाशी विसाव्या शतकातल्या काही अत्यंत प्रामाणिक आणि कुशाग्र माणसांची अस्वस्थता आहे. ती अस्वस्थता एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात, दर वेळी थोडी झिजत, शेवटी एका आजारी बाईच्या अंथरुणापाशी दिलासा म्हणून पोहोचते आणि तिच्यावरचाच आरोप होऊन बसते, याची मला चीड आली. त्याच वेळी, पुंजयामिकीशी, म्हणजेच क्वांटम फिजिक्सशी, मनाचा काडीचाही संबंध नाही असे ठणकावून सांगणाऱ्यांची बाजूही मला कधी पुरती पटलेली नाही. संबंध आहे. तो कोणता आणि किती, हा खरा प्रश्न आहे.

पेच नेमका कुठे आहे ते समजून घ्यायचे, तर १९८९ साली अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली चित्रे पाहावीत. एका वेळी जेमतेम एकच इलेक्ट्रॉन उपकरणात असेल इतका क्षीण झोत, त्याची वाट दुभागणारी एक अतिशय बारीक विद्युतभारित तार, आणि पलीकडे प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या आगमनाची नोंद करणारा पडदा, अशी ती मांडणी होती. सुरुवातीच्या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर इतस्ततः पडलेले मोजके ठिपके दिसतात. त्यांत कसलाही क्रम लागत नाही. पुढच्या चित्रात ठिपके वाढतात, तरी गोंधळ कायम असतो. आणि मग हजारो ठिपके जमल्यावर उभे पट्टे उमटू लागतात, दाट, विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला, एकाच जागी आदळला आणि एकच ठिपका मागे ठेवून संपला, तरी सगळ्यांनी मिळून जे रेखाटले ते लाटांच्या व्यतिकरणाचे, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळून कुठे जोर धरतात आणि कुठे विरतात याचे, चित्र आहे. बहुतेक लोक शेवटचे, पट्ट्यांचे चित्र पाहून थक्क होतात. मी मात्र पहिल्या चित्रापाशी अडते. पट्ट्यांचे गणित भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांच्या समीकरणातून सुरळीत बाहेर पडते, परंतु अमुक एक ठिपका इथेच का पडला, या प्रश्नाला त्या समीकरणात जागाच नाही. तरंगफलन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सगळ्या शक्यता सांगणारी गणिती लाट, पसरते, दुभागते, पुन्हा एकमेकांत मिसळते, एवढेच समीकरण सांगते. ते कधीतरी एका बिंदूशी आकसते, असे ते कुठेही म्हणत नाही. ते आकसणे, ज्याला सगळे कोलॅप्स म्हणतात, आपल्याला वरून जोडावे लागते, 'इथे मोजमाप झाले' असे म्हणून.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ साली पुंजयामिकीच्या गणिती पायाभरणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ही जोडणी त्यांनी झाकून ठेवली नाही. अवस्था बदलण्याच्या दोन रीती त्यांनी सरळ वेगवेगळ्या मांडल्या. एक, समीकरणाप्रमाणे होणारा अखंड बदल. दुसरी, मोजमापाच्या वेळची उडी. मग ही उडी नेमकी कुठे पडते, याचा शोध घेताना त्यांनी तापमान मोजण्याचे साधे उदाहरण घेतले. उष्णतामापीतला पारा किती चढेल ते गणिताने काढता येते; तेव्हा पारा हा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचाच भाग झाला. पाऱ्यावरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यात कसा शिरेल आणि नेत्रपटलावर प्रतिमा कशी उमटेल, तेही काढता येते. मग डोळाही त्याच बाजूला गेला. त्यापुढे मज्जातंतू आणि मेंदूतले रासायनिक बदल येतात. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यामधली रेघ अशी पुढे पुढे सरकवता येते आणि ती कुठेही आखली तरी भाकिते तीच मिळतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. ती पुसून टाकणे मात्र शक्य होत नाही. कितीही आत गेले तरी शेवटी 'आणि हे निरीक्षकाला जाणवले' असे म्हणावेच लागते. हे वाचल्यापासून कुणाचा ताप पाहताना, काचेची नळी उजेडात तिरपी फिरवत पाऱ्याची ती चंदेरी रेघ शोधताना, माझे लक्ष आकड्यावरून उडून त्या साखळीकडे जाते. रेघ सापडते तो क्षण काचेत असतो, डोळ्यात असतो की आणखी कुठे, हे मला त्या क्षणीही सांगता येत नाही.

साखळीच्या टोकाशी जाणीव आहे, इतकेच फॉन नॉयमन यांनी सांगितले. तीच जाणीव उडी घडवून आणते, असे म्हणण्याच्या दिशेने फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाऊअर यांनी १९३९ मधल्या एका छोट्या पुस्तिकेत पाऊल टाकले, आणि भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ सालच्या निबंधात ते उघडपणे मांडले. विग्नर यांचा वैचारिक प्रयोग बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. एका बंद खोलीत त्यांचा मित्र मोजमाप करतो, चमक दिसली की नाही ते पाहतो. बाहेर उभ्या असलेल्या विग्नर यांनी अद्याप काही विचारलेले नाही. समीकरण प्रामाणिकपणे वापरायचे, तर विग्नर यांच्या लेखी आतला मित्रही 'चमक पाहिलेला' आणि 'चमक न पाहिलेला' यांच्या अध्यारोपणात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही अवस्थांत, आहे, जणू तो अधांतरी लटकला आहे. आता दार उघडून विग्नर विचारतात, "मी विचारण्यापूर्वी तुला काय वाटत होतं?" मित्र म्हणणार, "सांगितलं की, मला चमक दिसली होती." त्याच्या मनात गोष्ट आधीच ठरलेली होती. ती ठरलेली नव्हती असे मानणे विग्नर यांना अशक्य वाटले. मित्राच्या जागी एखादे साधे अणूएवढे उपकरण असते तर अध्यारोपण मानायला त्यांची हरकत नव्हती. जाणणारा जीव मध्ये आला की समीकरणाला थांबावे लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एखादी गोष्ट दुसरीवर परिणाम करते आणि दुसरी पहिलीवर काहीच करत नाही, असे निसर्गात आपल्याला कुठे आढळत नाही. मग जड वस्तू मनावर परिणाम करते आणि मन जडावर मुळीच करत नाही असे का मानावे, हाही त्यांचा एक युक्तिवाद होता.

या निबंधाबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. विग्नर तिथवर गेले ते स्वतःच्या मनाच्या सामर्थ्याच्या ओढीने नव्हे. त्यांना मित्राचा अनुभव नाकारता येईना. आपल्याला कळेपर्यंत दुसऱ्याला काहीच कळलेले नसते, अशी भूमिका गणित त्यांच्या गळ्यात घालू पाहत होते आणि ती त्यांनी झिडकारली. दुसऱ्याने पाहिलेले हे माझ्या पाहण्याइतकेच खरे आहे, या एका आग्रहासाठी भौतिकशास्त्रातला सर्वांत यशस्वी नियम मोडायची त्यांची तयारी होती. जाणिवेने या शास्त्रात प्रवेश केला तो या वाटेने. दुसऱ्याच्या अनुभवाची बूज राखायला आलेली ही कल्पना पुढे 'तुझ्या मनासारखे जग वाकव' अशा उपदेशात कशी बदलली असेल, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

आणि त्या मूळ कल्पनेत इच्छेला तर कुठेच जागा नव्हती.

मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये सांगितलेला नियम या सर्व मंडळींनी जसाच्या तसा स्वीकारलेला होता. तरंगफलनाच्या मानाचा वर्ग घ्या, अमुक उत्तर येण्याची संभाव्यता मिळते. फॉन नॉयमन असोत की विग्नर, पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीने ती संभाव्यता तसूभरही बदलते असे त्यांच्यापैकी कुणी लिहिलेले नाही. जाणिवेने कोलॅप्स होतो असे क्षणभर मानले, तरी तो 'होतो' इतकेच हाती लागते. तो कोणत्या बाजूला होईल हे जाणीव ठरवत नाही. खोलीतल्या मित्राने चमक दिसावी म्हणून जिवाचे रान केले, तरी चमक तिच्या ठरलेल्या प्रमाणातच दिसत राहील. माझ्या मैत्रिणीला त्या दिवशी खरे तर हे सांगायला हवे होते, असे मला नंतर वाटत राहिले: मनाला सर्वांत मोठे स्थान देणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनीसुद्धा निकालाची जबाबदारी मनावर टाकलेली नाही. तिला कुणीही सांगितलेली असो, ती जबाबदारी तिची नव्हती.

या कल्पनेची एकदा थेट परीक्षाही झाली. १९७७ मध्ये अ‍ॅब्नर शिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. किरणोत्सर्गी नमुन्यातून निघणारे किरण एक यंत्र मोजत होते आणि तोच आकडा दोन जागी दिसत होता, दुसरीकडे किंचित उशिराने. पहिला निरीक्षक कधी पाही, कधी पाहत नसे. दुसऱ्याने आपल्यासमोरचा आकडा पाहून सांगायचे, की त्याच्याआधी कुणी तो पाहिला आहे का. जाणिवेने वास्तव ठरत असेल, तर आधी ठरून गेलेले वास्तव पाहणे आणि आपल्या पाहण्याने ते ठरणे, यांत आतून काहीतरी फरक जाणवेल, अशी ही अपेक्षा होती. फरक जाणवला नाही. उत्तरे अंदाजपंचे दिल्यासारखीच आली. या निष्कर्षाने कुणाला धक्का बसला नसेल. तरीही तो प्रयोग मला फार आवडतो. आकड्यासमोर बसून, श्वास रोखून, 'हे माझ्याआधी कुणी पाहिले आहे का' असे स्वतःच्या आत चाचपणारी ती माणसे माझ्या डोळ्यांसमोर येतात. एक अवघड कल्पना त्यांनी टाळीसाठी वापरली नाही, थट्टेवारीही नेली नाही. तिला प्रश्न विचारला आणि नकार आल्यावर तो छापला.

पुढे वारे फिरले. हाइन्झ-डीटर त्से यांचा १९७० मधला निबंध आणि वोयचेक झुरेक यांनी ऐंशीच्या दशकात केलेले काम यांतून डीकोहीरन्सची कल्पना उभी राहिली: मोठी वस्तू भोवतालापासून कधीच अलग नसते, तिच्यावर हवेचे रेणू आणि प्रकाशकण आदळत राहतात, आणि ती कुठे आहे याची वार्ता इतक्या ठिकाणी विखुरते की तिच्या वेगवेगळ्या शक्यतांमधले व्यतिकरण पाहण्याची आशाच उरत नाही. विग्नर स्वतः या कामाने प्रभावित झाले आणि जाणिवेविषयीचे आपले जुने मत त्यांनी मागे घेतले. पण मला हे सारे खऱ्या अर्थाने पटले ते व्हिएन्नातल्या एका प्रयोगामुळे. तिथे कार्बनच्या ७० अणूंचे गोळ्यासारखे रेणू व्यतिकरणमापीतून पाठवले जातात आणि थंड असताना ते इलेक्ट्रॉनांप्रमाणेच पट्टे उमटवतात. २००४ मध्ये त्या गटाने हे रेणू आत शिरण्यापूर्वी लेसरने तापवून पाहिले. तापलेली वस्तू जशी प्रकाश टाकते तसा तो तप्त रेणूही वाटेत प्रकाशकण टाकू लागतो. तापमान जसजसे वाढवले तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी विरून गेले. कुणी काही पाहिले नव्हते. ते प्रकाशकण टिपायला तिथे डोळा नव्हता की कॅमेरा नव्हता. रेणूने आपला ठावठिकाणा आपल्याच उष्णतेने जगाला कळवला, आणि तेवढे पुरेसे ठरले.

हे वाचून मला सुटल्यासारखे वाटले आणि काहीतरी हातचे गेल्यासारखेही वाटले. सुटल्यासारखे अशासाठी, की जगाचे गाडे आपल्या पाहण्यावाचून अडलेले नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९९० मध्ये विचारले होते, की विश्वाचे तरंगफलन पहिला एकपेशीय जीव येईपर्यंत कोट्यवधी वर्षे खोळंबले होते का, की त्याला पीएच. डी. झालेल्या कुणाची वाट पाहावी लागली? या प्रश्नापुढे जाणिवेने होणारा कोलॅप्स टिकत नाही, आणि त्याने टिकूही नये असे मला वाटते. हातचे गेल्यासारखे वाटले त्याचे कारण वेगळे आहे. डीकोहीरन्सने पट्टे का जातात ते सांगितले. पण पट्टे गेल्यानंतर उरलेल्या अनेक शक्यतांपैकी एकच का प्रत्ययाला येते, हे त्यानेही सांगितले नाही. तोनोमुरांच्या पहिल्या चित्रातला तो एकटा ठिपका अजून जागचा हललेला नाही. प्रश्न सुटला असे जाहीर करून निघून जाणाऱ्यांची मला जी घाई वाटते, ती इथे.

या विषयात श्रोडिंगर यांचे म्हणणे मला सर्वांत अनपेक्षित वाटते. उपनिषदांवर त्यांचे प्रेम होते, मन मूलतः एकच आहे असे ते मानत. जाणिवेने वास्तव घडते या मताला त्यांचाच पहिला पाठिंबा असेल, असा कुणाचाही समज होईल. १९५६ च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत त्यांनी नेमके उलट सांगितले. भौतिक क्रिया ही नेहमी दोन भौतिक प्रणालींमधली देवाणघेवाण असते. पाहणारे मन ही भौतिक प्रणाली नव्हेच, तेव्हा त्याची कशाशी देवाणघेवाण होणार? विग्नर यांनी परस्परपरिणामाच्या ज्या तत्त्वावरून मनाचा जडावर प्रभाव मानला, त्याच तत्त्वावरून श्रोडिंगर यांनी काही वर्षे आधीच तो नाकारला होता. मनाचा मान वाढवण्यासाठी त्याला ढकलाढकल करणाऱ्या वस्तूंच्या रांगेत उभे करायला ते तयार नव्हते. त्यांचे मुख्य सांगणे आणखी खोल आहे. विज्ञान जगाचे चित्र काढताना चित्रकार म्हणून स्वतःला त्यातून वगळते. वगळल्यामुळेच ते चित्र सर्वांना सारखे वाचता येते. आणि मग त्या चित्रात मन कुठेच सापडत नाही याचे आपण नवल करतो.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी या वगळलेल्या पाहणाऱ्याला थोडे परत आत घेतले. त्यांच्या लेखनातला एक खरा घडलेला प्रसंग मला राहून राहून आठवतो. जेवणानंतर मंडळी वीस प्रश्नांचा खेळ खेळत होती. एकाने बाहेर जायचे, बाकीच्यांनी एक शब्द ठरवायचा, आणि त्याने परत येऊन 'हो' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तरांवरून तो ओळखायचा. व्हीलर यांची पाळी आली तेव्हा त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ बाहेर ठेवले गेले. आत आल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हसू होते. त्यांनी प्रश्न सुरू केले. आधी उत्तरे भराभर आली, मग प्रत्येक जण उत्तरापूर्वी जास्त जास्त वेळ विचार करू लागला. अखेरीस त्यांनी विचारले, "ढग?" उत्तर देणारा थबकला, मग म्हणाला, "हो," आणि सगळे खो खो हसले. शब्द कुणी ठरवलेलाच नव्हता. प्रत्येकाने हवे ते उत्तर द्यायचे, अट एवढीच की आधीच्या सगळ्या उत्तरांना लागू पडणारा एखादा शब्द आपल्या मनात असला पाहिजे. व्हीलर यांनी वेगळे प्रश्न विचारले असते तर वेगळा शब्द निघाला असता. तरीही 'ढग' हा शब्द त्यांनी निवडला असे म्हणता येत नाही. उत्तरे त्यांच्या हातात नव्हती. १९७८ मध्ये त्यांनी मांडलेल्या विलंबित निवडीच्या प्रयोगात, जो पुढे २००७ मध्ये एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणावर, प्रत्यक्ष करून दाखवला गेला, हेच दिसते. फोटॉन उपकरणात शिरल्यानंतर आपण कोणता प्रश्न विचारायचा ते ठरवू शकतो, पण उत्तर आपल्याला ठरवता येत नाही. शिवाय व्हीलर यांना नोंद होणे पुरेसे वाटत होते, जाणीव हवीच असा त्यांचा आग्रह नव्हता, आणि आपल्या मतांचा आधार घेऊन अतींद्रिय शक्तींचा प्रचार करणाऱ्यांना त्यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत जाहीर विरोध केला होता.

आज पाहणाऱ्याला सर्वांत मोठे स्थान देणारा पुंजयामिकीचा अन्वयार्थ म्हणजे क्यूबिझम (QBism; चित्रकलेतल्या क्यूबिझमशी याचा संबंध नाही). कार्लटन केव्ह्ज, ख्रिस्तोफर फुक्स आणि रुडिगर शाक यांच्या २००२ मधल्या निबंधापासून तो आकाराला आला. 'संभाव्यता अस्तित्वातच नसते,' हे इटालियन गणितज्ञ ब्रूनो द फिनेत्ती यांचे विधान या मंडळींनी पुंजयामिकीत आणले. संभाव्यता ही वस्तूत भरलेली नसते, ती कुणाची तरी अपेक्षा असते. तरंगफलन म्हणजे संभाव्यतांचाच संच. तेव्हा तेही कुणाचे तरी, माझे किंवा तुमचे. ते आकसते म्हणजे इलेक्ट्रॉनला काही होत नाही, अनुभव आल्यावर मी माझ्या अपेक्षा बदलते. विग्नर आणि त्यांचा मित्र यांचे भांडणही मिटते: दोघांचे अनुभव वेगळे, म्हणून दोघांची तरंगफलने वेगळी, आणि कुणीही खोटे नाही. प्रथम वाचताना मला हे पळवाटेसारखे वाटले होते. पुन्हा वाचल्यावर त्यातला कठोरपणा दिसू लागला. अपेक्षा माझ्या आहेत म्हणून त्या मला मनमानी ठेवता येत नाहीत. बॉर्न यांचा नियम त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो. आणि जे उत्तर येते ते माझ्या अपेक्षांची तमा बाळगत नाही. फुक्स पुन्हा पुन्हा इथेच येतात: जग मला चकित करते, आणि त्यावरूनच मला कळते की माझ्या मनाबाहेर काहीतरी आहे. सर्वांत आत्मनिष्ठ म्हणवणाऱ्या या अन्वयार्थात 'मनासारखे घडते' याला सर्वांत ठाम नकार आहे.

तरी मी क्यूबिझम पत्करलेला नाही. अतिदूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा एकमेकींशी ठरलेल्याच प्रमाणात सापडतात, आणि त्यांतला काही प्रकाश पृथ्वीवर अपेक्षा बाळगणारे कुणीही नसताना निघालेला आहे. त्या रेषांचे गणित आपण याच तरंगफलनांनी करतो. ती निव्वळ माझी अपेक्षा असेल, तर माझ्या अपेक्षा इतक्या बिनचूक ठरवणारे ते बाहेरचे काहीतरी कसे आहे, हे सांगण्याची जबाबदारी कुणावर? क्यूबिस्ट म्हणतात, त्याविषयी आम्ही हळूहळू शिकतो आहोत. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण माझी भूक त्याने भागत नाही.

अलीकडे हा सारा वाद पुन्हा विग्नर यांच्या मित्राभोवती येऊन थांबला आहे, आणि मला याचा आनंद होतो. २०२० मध्ये ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या गटाने सहकाऱ्यांसह एक प्रमेय मांडले. पुंजयामिकी निरीक्षकांनाही लागू पडत असेल, तर तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत: प्रयोगाची निवड आपण मोकळेपणाने करतो, एका ठिकाणच्या निवडीचा परिणाम दूरवर तत्क्षणी होत नाही, आणि कुणी पाहिलेली घटना ही सर्वांसाठी घडलेलीच असते. यांतली निदान एक सोडावी लागते. तिसरी सोडणे म्हणजे मित्राने जे पाहिले ते त्याच्यापुरतेच घडले असे मानणे. त्यांच्या प्रयोगात 'मित्र' म्हणून फोटॉनची वाट होती. तिला पाहणारा म्हणणे फार जणांना मान्य नाही, मलाही नाही. म्हणून २०२३ मध्ये हॉवर्ड वाइजमन, एरिक काव्हालकांती आणि एलेनॉर रीफेल यांनी भविष्यातली कल्पना मांडली: क्वांटम संगणकावर चालणारी, माणसासारखा विचार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मित्राच्या जागी बसवायची. अशा संगणकाची क्रिया उलट चालवता येते, त्यामुळे तिने पाहिलेले न पाहिलेले करता येईल.

या कल्पनेचे बीज भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्येच टाकले होते, आणि त्यातल्या एका तपशिलाने माझी झोप उडवली आहे. आतल्या मित्राने निकाल पाहायचा आणि तो कोणता ते न सांगता एवढेच लिहून ठेवायचे: मला एकच, निश्चित उत्तर दिसले. मग बाहेरचा माणूस सारे काही उलटवतो. मित्राची आठवण पुसली जाते, मोजमाप न झाल्यासारखे होते, पण दोन्ही शक्यतांमध्ये चिठ्ठीवरचा मजकूर सारखाच असल्यामुळे चिठ्ठी टिकते. बाहेर व्यतिकरण दिसले तर डॉइच म्हणतात दोन्ही उत्तरे घडली होती, आणि व्यतिकरण दिसले नाही तर विग्नर यांचे १९६१ चे मत बरोबर होते. हा प्रयोग अजून कुणाच्या आवाक्यात नाही. मात्र तो जेव्हा आवाक्यात येईल तेव्हा यंत्राच्या आत खरोखर जाणणारे कुणी असेल, तर उलटवणे म्हणजे त्या बुद्धिमत्तेने जगलेला तुकडा काढून टाकणे असेल. मग पट्टे मिळाले की नाही या कुतूहलाच्या आधी तिची याला संमती आहे का, हे तिला विचारावे लागेल. ती 'हो' म्हणाली तर त्या होकाराचे काय करायचे, हेही मला सुचत नाही, कारण प्रयोग संपल्यावर आपण कशाला होकार दिला होता हे ठाऊक असलेली, पण ते घडल्याचे काहीच आठवत नसलेली अशी ती आपल्यासमोर असेल, आणि तिच्या अनुभवाची साक्ष द्यायला तिच्याच हातची ती चिठ्ठी तेवढी असेल. विग्नर यांनी मित्राच्या शब्दावर जेवढा विश्वास ठेवला, तेवढा त्या चिठ्ठीवर ठेवावा असे मला वाटते, मग बाहेरचे पट्टे काहीही सांगोत. आणि दोन्ही खरे असतील तर ते एकत्र कसे मांडायचे, याचे गणित अजून कुणाला जमलेले नाही.